टँकच्या तलवारीचा प्रॉक: हिशोब कसा मांडायचा

रेडमध्ये (मोठ्या गटानं मिळून केलेल्या चढाईत) तलवार पडते, तिच्यावर हिरव्या अक्षरांत ‘चान्स ऑन हिट’ची ओळ दिसते आणि मघापासून झोपेत असलेले सगळे टँक (शत्रूचा मार स्वतःवर घेणारे खेळाडू) एकदम जागे होतात. त्या एका ओळीवरून गिल्डमध्ये जेवढी भांडणं होतात तेवढी बाकीच्या सगळ्या लुटीवरून मिळून होत नसतील. ती ओळ तपासायची कशी, ते इथं पायरीपायरीनं मांडतोय. उदाहरणं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकची आहेत. मूळ खेळ २००४चा, क्लासिक म्हणून तो २०१९मध्ये परत आला. सोलापुरातला आमचा गट तोच खेळतो, आणि त्याचे आकडे जगभरच्या लोकांनी मोजून ठेवलेले आहेत. तुमचा खेळ दुसरा असला तर आकडे तुमचे घाला.

नव्यांसाठी एवढंच: घाव लागल्यावर काही टक्के वेळा शस्त्राचा जो खास परिणाम आपोआप सुटतो, त्याला प्रॉक म्हणतात. वीज पडते, चिलखत वाढतं, ताकद येते. बटण नसतं, वेळ तुमच्या हातात नसते. टँकच्या दृष्टीनं सगळी गोम इथंच आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. थ्रेट (शत्रूचं लक्ष स्वतःकडं ओढण्याचं माप) देणारा प्रॉक टँकला बहुतेक वेळा परवडतो. जीव वाचवण्याचं आश्वासन देणारा प्रॉक बहुतेक वेळा दिसतो त्याच्या चौथाईही निघत नाही. अपवाद आहेत, त्यांच्याकडे येतोच.

आधी ती ओळ झाकून तलवार बघा

प्रॉकची ओळ नाहीच असं समजा. आता उरलं काय? सेकंदाला डॅमेज किती, वेग किती, स्टॅमिना किती, डिफेन्स आहे का. पूर्ण लढाईत प्रॉक एकदाही लागला नाही तरी ही तलवार हातात ठेवाल का? ‘हो’ असेल तर निम्मं काम झालं, प्रॉक वरकमाई. ‘नाही’ असेल तर जुन्या तलवारीपेक्षा ही नेमकी कितीनं मागे आहे ते लिहून ठेवा. तेवढी तूट प्रॉकला भरून काढायची आहे.

याच पायरीवर एक गोष्ट पक्की करा. साठ लेव्हलच्या टँकला त्रेसष्ट लेव्हलच्या बॉसचा क्रिट (एरवीपेक्षा खूप मोठा घाव) बसू नये म्हणून ४४० डिफेन्स लागतो. मूळ ३००, वरचे १४०, आणि प्रत्येक पॉइंटला ०.०४ टक्का, असे ५.६ टक्के. हे ४४० प्रॉकशिवाय भरले पाहिजेत. प्रॉकमधला डिफेन्स धरून ४४० दाखवणारा टँक माझ्या लेखी ४४०चा नाही. क्रिट नेमका बफ (प्रॉकनं अंगावर चढलेला फायदा) उतरल्यावरच बसतो.

मिनिटाला किती वेळा लागतो

प्रॉक तीन तऱ्हांचे असतात आणि तुमचा कुठला हे कळल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पहिली तऱ्हा ‘प्रॉक पर मिनिट’ची, म्हणजे पीपीएमची. सूत्र सोपं आहे: पीपीएम गुणिले शस्त्राचा वेग, भागिले ६०. क्रुसेडर एन्चँट (शस्त्रावर चढवायची जादू) घ्या. तो १ पीपीएमचा, लागला की १५ सेकंद १०० स्ट्रेंग्थ आणि ७५ ते १२५ हील (गेलेला जीव परत). १.९ वेगाच्या तलवारीवर दर लागलेल्या घावाला ३.२ टक्के शक्यता येते, २.६ वेगाच्या तलवारीवर ४.३ टक्के. वेगवान तलवार जास्त घाव मारते, हळू तलवारीची दर घावाची शक्यता मोठी. शेवटी साध्या घावांचा हिशोब सारखाच येतो.

पण कागदावरचा १ पीपीएम मैदानात १ राहत नाही. बॉससमोर उभं राहिलं की १४ टक्के घाव तो पॅरी करतो (शस्त्रावर अडवतो), वर डॉज (चुकवलेले) आणि मिस (हुकलेले). टँकचे चौथ्या हिश्श्याहून जास्त घाव असेच वाया जातात, आणि न लागलेल्या घावाला प्रॉक नाही. उलट बाजूनं, रिव्हेंजसारखे तत्काळ मारायचे घाव स्विंगची (आपोआप होणाऱ्या साध्या घावाची) वाट बघत नाहीत, ते वरचे मिळतात. तिथं हळू तलवारीला थोडा फायदा, कारण दर घावाची शक्यता मोठी. हिरोइक स्ट्राइक मात्र वरचा धरू नका, तो पुढच्या स्विंगची जागा घेतो.

दुसरी तऱ्हा ठरलेल्या टक्क्याची. वेग कितीही असो, दर घावाला तेवढेच टक्के. तिथं वेगवान शस्त्र सरळ जिंकतं. तिसरीत आतला कूलडाउन असतो: एकदा लागला की अमुक सेकंद पुन्हा लागणारच नाही. नव्या वॉरक्राफ्टमध्ये, २०१२च्या मिस्ट्स ऑफ पंडारियापासून, बरेच प्रॉक वेगळ्याच पद्धतीनं ठरतात. तिथं मागच्या संधीपासून किती वेळ गेला यावर शक्यता हलते. तो खेळ खेळत असाल तर वरचं सूत्र तसंच्या तसं वापरू नका.

मोजायचं कसं

कुणी सांगितलेल्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा स्वतः मोजलेलं बरं. चॅटमध्ये स्लॅश देऊन ‘कॉम्बॅटलॉग’ टाइप केलं की खेळ सगळं एका फाइलमध्ये उतरवायला लागतो. ती फाइल उघडलीत की घावागणिक एक ओळ दिसेल. ‘स्विंग डॅमेज’ म्हणजे लागलेला घाव, ‘स्विंग मिस्ड’ म्हणजे वाया गेलेला (पॅरी आणि डॉजही याच ओळीत येतात, शेवटी कारण लिहिलेलं असतं). तत्काळ मारलेल्या घावांच्या ओळी ‘स्पेल डॅमेज’ नावानं वेगळ्या येतात, त्याही धरा. प्रॉक लागला की ‘ऑरा अप्लाइड’.

बहुतेकांचा हिशोब पुढच्या ओळीला चुकतो. बफ अंगावर असतानाच प्रॉक पुन्हा लागला तर ‘अप्लाइड’ येत नाही, ‘ऑरा रिफ्रेश’ येतो. तो सोडला तर प्रॉक कमी मोजले जातात, आणि जितका जास्त लागणारा प्रॉक तितकी चूक मोठी. दोन्ही मिळवा, लागलेल्या घावांनी भागा. वाया गेलेले घाव भागाकारात घेऊ नका. म्हणजे कमी लेव्हलच्या शत्रूवर मोजलेली शक्यता बॉसलाही लावता येते.

किती मोजायचं? प्रॉकची संख्या घ्या आणि तिचं वर्गमूळ काढा, साधारण तेवढी हेलकाव्याची जागा. २५ प्रॉक मोजले तर ५ इकडं-तिकडं, म्हणजे वीस टक्के शंका. १०० मोजले तर दहा टक्के. एका रात्रीत एका बॉसवर सहा-सात प्रॉक दिसले आणि ‘तलवार जबरदस्त आहे’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. आमच्याकडं मोजणीला सोयीचा काळ म्हणजे जानेवारीतली गड्ड्याची जत्रा. निम्मा गट होम मैदानावर पाळण्यात असतो, रेड भरत नाही, उरलेल्यांनी मग निवांत मोजत बसावं.

पिंगवरूनही (सर्व्हरपर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळेवरूनही) विचारणा होते. इथून युरोपच्या सर्व्हरवर खेळताना पिंग मोठाच असतो, वर एप्रिल-मेच्या उकाड्यात लॅपटॉप तापून फ्रेम अडखळतात. प्रॉकला त्याचं काही नाही. साधा स्विंग आणि त्यावरचा प्रॉक दोन्ही सर्व्हरवर ठरतात. उशीर होतो तो तुमच्या बोटांनी दाबायच्या घावांना. आणि लाइट गेली तर मग कुठलाच आकडा कामाचा नाही; इन्व्हर्टरवर राउटर आधी लावा, कूलर नंतर.

बफ किती वेळ अंगावर राहतो

इथं सरळ गुणाकार करायचा मोह होतो. मिनिटाला ६ प्रॉक, प्रत्येक १२ सेकंद, म्हणजे ७२ सेकंद, म्हणजे सदासर्वकाळ! तसं नसतं. प्रॉक एकावर एक पडतात आणि मधे मोकळी भगदाडं राहतात. खरा हिशोब असा: दर सेकंदाचे प्रॉक गुणिले बफचे सेकंद, हा गुणाकार स्प्रेडशीटमध्ये ऋण करून ईएक्सपी (EXP) फंक्शनच्या कंसात टाका आणि उत्तर १मधून वजा करा.

शीट उघडायचा कंटाळा असेल तर हे लक्षात ठेवा. गुणाकार ०.२५ आला तर बफ २२ टक्के वेळ असतो. ०.३३ला २८ टक्के, ०.५ला ३९, १ला ६३, १.२ला ७०, आणि २ आला तरी ८६च. मिनिटाला सहा वेळा लागणारा १२ सेकंदांचा प्रॉकसुद्धा लढाईचा तीस टक्के काळ अंगावर नसतो.

क्वेलसेरारचं उदाहरण पूर्ण सोडवू

क्वेलसेरार ही जुनी, मानाची तलवार. ड्रॅगनवरचं पुस्तक मिळवा, पातं ओनिक्सिया या ड्रॅगनच्या आगीत तावून काढा, तेव्हा ती हाती येते. प्रॉक लागला की १० सेकंद १३ डिफेन्स आणि ३०० आर्मर. वाचायला किती छान! आता फोडून बघू.

टँकचं आर्मर ८००० धरा. त्रेसष्ट लेव्हलच्या बॉससमोर आर्मरचं सूत्र आहे: आर्मर भागिले (आर्मर अधिक ५७५५). ८०००ला ५८.२ टक्के मार गळतो, ८३००ला ५९.१. एक टक्काही वाढला नाही असं वाटेल, पण टँकनं ‘अंगावर येणारा’ मार बघायचा असतो. तो ४१.८वरून ४०.९वर आला, म्हणजे २.१ टक्क्यांनी घटला. १३ डिफेन्समुळं मिस, डॉज आणि पॅरी प्रत्येकी अर्धा टक्का वाढतात, मिळून दीड टक्का. बॉसचे शंभरातले ६५ घाव एरवी लागत असतील तर त्यात ही घट साधारण २.४ टक्क्यांची. दोन्ही मिळून, बफ अंगावर असताना, मार साडेचार टक्क्यांनी कमी.

आता बफ असतो किती वेळ? समजा तुम्ही मोजलंत आणि मिनिटाला २ प्रॉक आले. वरच्या हिशोबानं २८ टक्के वेळ. साडेचारचे २८ टक्के म्हणजे जेमतेम १.३ टक्के.

याच्या शेजारी साधा, कायम असणारा १ टक्का डॉज ठेवा. ६५ घावांतला एक कमी, म्हणजे दीड टक्का मार कमी, आणि तोही प्रत्येक सेकंदाला. त्या एवढ्या गाजलेल्या प्रॉकपेक्षा एखाद्या अंगठीवरचा एक टक्का डॉज भारी निघाला. क्वेलसेरार घेऊ नका असं मी म्हणत नाही. ती घ्या तिच्या सेकंदाच्या डॅमेजसाठी.

सरासरीचा हा हिशोबसुद्धा प्रॉकला झुकतं माप देतो. टँक सरासरीनं मरत नाही. दोन-तीन मोठे घाव एकापाठोपाठ बसले आणि हील मधे पोचला नाही की मरतो. त्या तीन सेकंदांत बफ असेलच याची खात्री नाही, ७२ टक्के वेळा तो नसतोच. त्यात सगळ्यात धोक्याचे क्षण बहुतेकदा असे असतात की तुम्ही घावच मारत नसता: स्टन झालात, भीतीनं पळत सुटलात, उडवले गेलात, बॉस फिरवत होतात. घाव नाही तर प्रॉक नाही. हीलरही प्रॉक गृहीत धरून हात आखडता घेऊ शकत नाही. शील्ड वॉल दाबली की १० सेकंद ७५ टक्के मार कमी होतो, आणि ती कधी दाबायची हे तुम्ही ठरवता. प्रॉकशी तिची तुलनाच नको.

आमच्यातला अशोक चौकातला धाकटा टँक एकदा ठासून म्हणाला, “मालक, प्रॉक लागला की मी मरतच नाही.”

“लका, जेव्हा मेलास तेव्हा प्रॉक होता का?”

मग दोघांनी मिळून लॉग काढला. ही तपासणी तुम्हीही करा, सूत्राशिवाय होते. आपल्या प्रत्येक मरणाच्या आधीचे दहा सेकंद उघडा आणि दोन गोष्टी लिहा: बफ अंगावर होता का, आणि असता तर शेवटचा घाव सोसला असता का. दुसऱ्या रकान्यात ‘हो’ फार क्वचित येतं. शेवटचा घाव हजारभरानं जास्त असतो आणि बफ वाचवणार शे-सव्वाशे.

थ्रेटचा हिशोब वेगळा का

थ्रेट पिग्मीसारखा असतो: कधीही भरा, खात्यात साठत जातो. प्रॉक दहाव्या सेकंदाला लागला की चाळिसाव्या, त्याचा थ्रेट शेवटपर्यंत तुमच्याच नावावर. जगण्याच्या प्रॉकला वेळ चुकली की सगळं फुकट; थ्रेटच्या प्रॉकला वेळेचं एवढं सोयरसुतक नाही. म्हणून इथं सरासरी निःशंक वापरा.

थंडरफ्युरी ही तलवार घ्या. प्रॉक लागला की ३०० नेचर डॅमेज, वीज जवळच्या शत्रूंवर उडी मारते, एकूण पाच जणांपर्यंत. डिफेन्सिव्ह स्टान्समध्ये (बचावाच्या पवित्र्यात) थ्रेट १.३ पट, डिफायन्स टॅलेंट पूर्ण असेल तर त्यावर १.१५ पट, मिळून १.४९५. एका प्रॉकचा थ्रेट नुसत्या डॅमेजमधूनच साधारण ४५०. सनडर आर्मरच्या (टँकच्या नेहमीच्या थ्रेटच्या घावाच्या) वरच्या रँकचा मूळ थ्रेट सुमारे २६०, स्टान्स धरून ३९०. म्हणजे एक प्रॉक एका सनडरपेक्षा मोठा, आणि रेज (घाव मारायला खर्च होणारी शक्ती) शून्य. मिनिटाला ५ लागले तर सेकंदाला ३७ थ्रेट वरचा. कधी वीज रेझिस्ट होते, थोडं वजा धरा.

एक सावधगिरी पुलची (लढाई सुरू करण्याची). मेली डीपीएसनं (जवळून मारा करणाऱ्यानं) तुमच्या ११० टक्के आणि लांबच्यानं १३० टक्के थ्रेट ओलांडला की बॉस त्याच्याकडं वळतो, आणि हे सगळ्यात सहज होतं पहिल्या पाच-सहा सेकंदांत, खातं रिकामं असताना. दर लागलेल्या घावाला सहात एक शक्यता असेल आणि तेवढ्या वेळात तीन घाव लागले, तर निदान एक प्रॉक मिळण्याची शक्यता ४२ टक्के. निम्म्याहून जास्त पुल प्रॉकशिवाय सुरू होतात. डीपीएसला थांबायला सांगायची वेळ कमी करू नका.

थंडरफ्युरीचा अपवाद

जीव वाचवणारा प्रॉक फसवतो म्हणालो, त्याला ही तलवार उत्तर देते. तिच्या प्रॉकनं बॉसचा हल्ल्याचा वेगही १२ सेकंद २० टक्क्यांनी मंदावतो. दोन घावांतलं अंतर २० टक्क्यांनी वाढतं. दोन सेकंदांनी मारणारा बॉस २.४ सेकंदांनी मारतो. बारा सेकंदांत सहाऐवजी पाच घाव. मार २० टक्के कमी झाला असं लिहू नका, एक षष्ठांश म्हणजे १६.७ टक्के. मिनिटाला ५ प्रॉक धरले तर ६३ टक्के वेळ, म्हणजे सरासरी साडेदहा टक्के.

पण गटात कुणी थंडर क्लॅप (शत्रूला मंदावणारा वॉरियरचा घाव) लावत असेल तर? तो क्लासिकमध्ये १० टक्के मंदावतो, आणि दोन्ही एकत्र मोजले जात नाहीत, मोठा तेवढा चालतो. मग थंडरफ्युरीची खरी भर १.१वरून १.२ एवढीच, म्हणजे ८.३ टक्के, आणि तिचा ६३ टक्के वेळ धरून सव्वापाच. अर्धी झाली. प्रॉकची किंमत नेहमी गटात आधीपासून जे आहे ते वजा करून काढा. तरी क्वेलसेरारच्या १.३समोर ती कुठल्या कुठं आहे, आणि थंडर क्लॅप लावणाऱ्या वॉरियरला बॅटल स्टान्समध्ये घालवायची रेज वाचते ती वेगळीच.

शिवाय हा परिणाम बॉसवर बसतो, तुमच्यावर नाही. तुम्ही स्टन झालात, दुसऱ्या टँकनं टाँट मारलं (बॉसला स्वतःकडं ओढलं), तरी बॉस मंदच. दोन घावांत जे ०.४ सेकंद वाढतात त्यात अडीच सेकंदांचा हील पोचायला थोडी जागा मिळते. ज्या बॉसवर वेग मंदावणारे डिबफ (शत्रूवर बसणारे तोट्याचे परिणाम) चालतच नाहीत तिथं मात्र हा सगळा परिच्छेद शून्य. आणि २०१९च्या क्लासिकसारखी शत्रूवर सोळाच डिबफची मर्यादा असेल तर या तलवारीनं अडवलेल्या जागाही मोजा.

वेगाची किंमत

हे सहसा कुणी मांडत नाही. बॉसनं तुमचा घाव पॅरी केला की त्याचा पुढचा घाव लवकर येतो. त्याच्या स्विंगच्या ४० टक्क्यांपर्यंत वेळ कापला जातो. वेगवान तलवार म्हणजे जास्त घाव, म्हणजे जास्त पॅरी. १.९ वेगाला मिनिटाला साधारण ३१.६ स्विंग, त्यातले ४.४ पॅरी. २.६ वेगाला २३ स्विंग, ३.२ पॅरी. मिनिटाला एकाहून थोडे जास्त घाव घाईनं अंगावर येणार. सगळेच बॉस असं करत नाहीत, पण करणाऱ्यांवर हे नुकसान प्रॉकच्या जमेतून वजा करा. थंडरफ्युरीला ते परवडतं. नुसत्या आर्मरच्या छोट्या प्रॉकसाठी वेगवान तलवार घेणाऱ्याला परवडेलच असं नाही.

लूट मागताना

वरचे सगळे आकडे तीन रकान्यांत टाका: प्रॉकशिवायची तूट किंवा वाढ, प्रॉकचा थ्रेट, प्रॉकनं घटलेला मार. तिसऱ्या रकान्यातला बफ अंगावर बसणारा असेल आणि निम्म्याहून कमी वेळ टिकत असेल तर मी तो रकाना कोराच ठेवतो. थंडरफ्युरीसारख्या शस्त्राला हे कागदावर असलेलं बरं. गार आणि बॅरन गेडन या बॉसकडून दोन बाइंडिंग, रॅग्नारोस या बॉसकडून इसेन्स, वर एलेमेंटियमच्या दहा कांड्या, असा पूर्ण गिल्डचा घाम त्यात जातो. रेड उठतो आपल्या रात्री साडेबाराला, त्या वेळी कुणालाच नीट हिशोब सुचत नाही.

आणि ती मिळालीच, तर पिशवीत एक बिनप्रॉकची तलवार आणि ती हातात आणणारा मॅक्रो (एका बटणावर चालणारी आज्ञा) तयार ठेवा. मेजनं (जादूगारानं) मेंढी केलेला शत्रू शेजारी उभा असताना वीज उडी मारून त्याच्यावर पडली की तो जागा होऊन सरळ हीलरकडं जातो. असे पुल साध्या तलवारीनं करा, मेंढी मोडायची वेळ आली की मग बदला.